रोलर भंगारात देऊ नका

श्रावणातला कावडीचा शेवटचा सोमवार आणि पोळा जवळ आला, की अकोल्याच्या जुने शहरात गणेश मंडळांच्या खोल्यांची कुलुपे निघतात. ढोल बाहेर येतात, बांबू मोजले जातात, आणि एखाद्या जुन्या मंडळाच्या कोपऱ्यातली लाकडी पेटी ‘आता हिचं काय करायचं’ म्हणून दाराशी सरकवली जाते. आत असतो पितळी पट्ट्या ठोकलेला रोलर, गुंडाळलेल्या वायरी, रंग उडालेले बल्ब आणि मूर्तीमागचे चक्र फिरवणारी मोटर. भंगारवाला तांब्या-पितळेच्या भावात सगळे घेऊन जातो. यंदा ती पेटी भंगारवाल्याकडे न जाता वायरमनकडे जावी, असे आमचे कळकळीचे म्हणणे आहे.

आज धावत्या दिव्यांचा खेळ नखाएवढी चिप चालवते. ती येण्याआधी हे काम लाकूड, पितळ आणि एक छोटी मोटर करीत असे. रोलरवर लांब-आखूड पट्ट्या ठोकलेल्या असत. तो फिरू लागला की प्रत्येक पट्टी समोरच्या स्प्रिंगच्या पत्तीला टेके आणि टेकलेली असेल तेवढा वेळ त्या ओळीचे बल्ब पेटत. पट्टी लांब असेल तर उजेड जास्त वेळ राही, आखूड असेल तर नुसती लुकलुक. तीन-चार ओळी अशा एकामागोमाग लागल्या की उजेड धावतो आहे असे दिसे. बल्ब जागचे हललेले नसत. मोराचा पिसारा फुलतो, उंदीर पळतो, कमानीवरून रंग ओघळतो, हे सगळे पट्टी कुठे ठोकायची या हिशेबावर उभे होते. बंगालमधल्या चंदननगरचे श्रीधर दास अशाच रोषणाईने देशाबाहेरही नावाजले गेले आणि त्या गावातल्या अनेक घरांची चूल आज या कलेवर पेटते. पुण्यात वाईकर बंधूंचे नाव रोषणाईसाठी घेतले जाते. आपल्याकडे हा हिशेब मांडणारे लोक बिछायत केंद्रांवर आणि मंडळांत होते. त्यांची नावे पावतीपुस्तकात येत नसत. त्यांच्या डोक्यातली आखणी जिथे अजून वाचता येईल, अशी जागा म्हणजे तो रोलर.

तो दुरुस्त होतो, आणि हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. चिपचा डबा बिघडला की फेकावा लागतो, कारण तो उघडण्यासाठी केलेलाच नसतो. रोलरचे सगळे दुखणे डोळ्यांना दिसते. ठिणग्यांनी पट्ट्यांवर काजळी धरलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरने निघते. पत्तीचा ताण गेलेला असतो, ती वाकवून किंवा बदलून घेता येते. मोटरचे ग्रीस दगडासारखे घट्ट झालेले असते; ते काढून नवे भरले, कंडेन्सर बदलला, की बहुतेक मोटरी फिरतात. निघालेल्या जोडाला पुन्हा डाख द्यावा लागतो. यातला एकही भाग अकोल्याच्या बाजारात मिळणार नाही असा नाही.

घरोघरच्या जुन्या माळांचेही तेच. वऱ्हाडात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या तीन दिवस बसतात आणि त्यांच्या मखराला लावलेली माळ अनेक घरांत सासूकडून सुनेकडे आलेली आहे. या माळेत ६ व्होल्टचे सुमारे ३८ बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एक गेला की सगळी माळ विझते. मग घाईत कुणीतरी त्या बल्बच्या जागी वायर पिळून देते. माळ लागते, पण उरलेल्या बल्बांवर जास्त व्होल्ट पडतात आणि ते पटापट उडू लागतात. असे दोन-चार झाले की माळ तापते. योग्य रीत सोपी आहे. प्लग काढून मल्टिमीटरने माळेचा अर्धा भाग तपासावा, खंड ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा अर्धे करावे. एकच बल्ब गेला असेल तर पाच-सहा तपासण्यांत तो सापडतो. मग त्याच व्होल्टचा आणि त्याच ताकदीचा बल्ब बसवावा.

जुने जपायचे म्हणजे जुनी वायर जपायची, असे मात्र कोणी समजू नये. या बाबतीत मनाला पाझर फुटू देणे जिवाशी खेळ आहे. जुने रबर कडक होऊन तडकते, कापडाच्या वेष्टणाची वायर उंदीर कुरतडतात, बॅकेलाइटच्या होल्डरला केसाएवढी चीर असते. वरून भाद्रपदातला पाऊस, लोखंडी मांडव आणि ओली जमीन. वायर सगळी नवी हवी, तडकलेले होल्डर बाद हवेत, लोखंडी चौकटीला अर्थिंग हवे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच हवाच. रोलरच्या उघड्या पट्ट्यांत २३० व्होल्ट असतात, म्हणून तो बंद पेटीत बसवावा. मांडवात तर आम्ही आणखी पुढे जाऊ: रोलर तोच ठेवून दिवे १२ व्होल्टचे एलईडी करावेत. ठिणगी कमी पडते, पट्ट्या टिकतात आणि पोराटोरांचा हात लागला तरी धसका नको. काहींना हे अस्सल वाटणार नाही. आमच्या मते अस्सल आहे ती पट्ट्यांची आखणी. बल्ब तेव्हाही दर वर्षी बदलतच होते. घरच्या माळेचा पिवळसर उजेड हवा असेल, तर तिथे जुन्या जातीचे बल्ब खुशाल लावावेत, फक्त माळ लागलेली असताना घरात कोणीतरी जागे असावे.

हे काम कोण करणार, हा प्रश्न उरतो. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे ट्रेड शिकवले जातात. तिथल्या मुलांना जुना रोलर उघडून द्या. सर्किट, मोटर, संपर्कबिंदू आणि इन्सुलेशन एकाच वस्तूत शिकता येतात, आणि शिकलेले लगेच पेटून दिसते. त्यांच्या शेजारी बिछायत केंद्रावर आयुष्य काढलेला एखादा म्हातारा लायटिंगवाला बसवा आणि त्या तासांचा मोबदला त्याला द्या. पेटी उघडण्याआधी प्रत्येक वायरवर चिठ्ठी बांधा, जोडणीचे फोटो घ्या. एकदा सुटलेली आखणी आठवून जोडता येत नाही. मोबदल्याचे पैसे मंडळाच्या खर्चात सहज बसतील.

मानाच्या बाराभाई गणपतीमागून मिरवणूक निघते, त्या जुने शहरातल्या एका तरी मंडळाने यंदा आपला जुना रोलर दुरुस्त करून मांडवात फिरवावा, आणि ज्याने तो मूळचा बांधला त्याचे नाव कळत असेल तर ते रोलरखाली मोठ्या अक्षरांत लिहावे. ज्या घरांच्या माळ्यावर अशी पेटी पडून असेल, त्यांनी ती विकण्यापूर्वी शेजारच्या वायरमनला एकदा दाखवावी.