रुसलेला इन्व्हर्टर

दोस्तांनो, दिवाळीतली जुनी दिव्यांची माळ पाहिली आहे ना? एक बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात! आज या माळेची आठवण काढली, कारण आपल्या गच्चीवरचे सौर पॅनेलसुद्धा असेच माळेत ओवलेले असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. तुमच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या गच्चीवर असे पॅनेल असतीलच. ऊन तर लख्ख पडलंय आणि इन्व्हर्टर मात्र रुसून बसलाय, असं झालं तर? चला, गुप्तहेर होऊ या. गच्चीवर न चढता, बरं का!

आधी थोडं गणित. विजेरीत दोन सेल एकापुढे एक घातले की 1.5 अधिक 1.5, म्हणजे 3 व्होल्ट मिळतात. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, हीच एकसर जोडणी. समजा, तुमच्याकडे 6 पॅनेल आहेत आणि काम करताना प्रत्येक जण 40 व्होल्ट देतो. मग माळेचे झाले 240 व्होल्ट. ही वीज एकाच दिशेने वाहते, तिला डीसी म्हणतात. तिची घरात चालणारी एसी वीज करणं हे इन्व्हर्टरचं काम. माळेचे व्होल्ट बहुतेक इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिसतात. आता पुरावे तपासा.

आकडा शून्य? (रात्र नाही ना, ते आधी बघा!) मग माळ कुठेतरी तुटली आहे. डीसीचा स्वीच बंद असेल, फ्यूज उडाला असेल, जोड सुटला असेल, नाहीतर उंदीरमामांनी वायर कुरतडली असेल.

आकडा 200? चाळीस व्होल्ट गायब, म्हणजे एक अख्खा पॅनेल गैरहजर! पण मग बाकीचे पाच कसे चालतात? पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा तीन डायोड असतात. पॅनेलचा एखादा भाग काम करेनासा झाला की ते विजेला बगलेतून वाट काढून देतात. जुन्या माळेत हीच सोय नव्हती.

आकडा 227 च्या आसपास? तेरा व्होल्ट कमी, म्हणजे पॅनेलचा एक तृतीयांश भाग गेला. पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडते का, ते खालूनच बघा.

व्होल्ट ठीक, पण युनिट कमी? मग पॅनेलवर धूळ साचली असेल किंवा आभाळ आलं असेल.

आणि सगळं ठीक असून इन्व्हर्टर बंद? घरात वीज आहे ना? बॅटरी नसलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की मुद्दाम थांबतो. तो बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनकाकांना तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही काळजी!

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पॅनेलला सूर्य बंद करायचं बटण नसतं. खालचे सगळे स्वीच बंद केले, तरी उजेड आहे तोवर वरच्या वायरीत वीज असतेच. आणि ही डीसी भारी हट्टी! घरातली एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू माळेचा जोड ओढून काढला, तर ठिणगी पेटतीच राहते. हात भाजतो, आगही लागते. म्हणून वायर, जोड, डबी यांना हात लावायचा नाही. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. तुमचं काम वहीचं.

रोज दुपारी बारा वाजता पडद्यावरचे व्होल्ट आणि युनिट लिहून ठेवा. कडक उन्हात पॅनेल तापला की व्होल्ट थोडे उतरतात, थंडीत चढतात. महिनाभरात तुमच्या माळेची चाल तुम्हाला कळेल. मग बिघाड झाला की इलेक्ट्रिशियनकाकांसमोर वही धरा. कुठून शोधायला सुरुवात करायची, ते त्यांना लगेच समजेल.

आता या आठवड्याचं कोडं, फक्त कागदावर सोडवायचं! सहा पॅनेल, प्रत्येकी 50 व्होल्ट. माळ इन्व्हर्टरला अजून जोडलेली नाही आणि त्यातला एक पॅनेल उलटा ओवला गेला आहे. माळेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट भरतील? 250 म्हणालात, तर फसलात! उत्तर पुढच्या अंकात.