लग्नमांडवातील घरचे पिंप

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा विवाह अमेरिकेत झाला. निमंत्रणपत्रिकेत भोजनाच्या तपशिलाखाली एक ओळ होती : वराने स्वतः घरी तयार केलेली बिअर तोटीवरून दिली जाईल. प्राध्यापकांच्या खोलीत ही पत्रिका फिरली तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या, काहींनी विनोद केले. मला स्वतःला या पेयाची गोडी नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र त्या एका ओळीत विचार करण्याजोगे पुष्कळ सापडले.

पाहुणे शंभर, पिंपे चार, प्रत्येक पिंपात सुमारे १९ लिटर. म्हणजे माणशी दोन पेले. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची फुले, यीस्ट, पाणी आणि महिना-दीड महिन्याची खटपट एवढाच काय तो खर्च. पोलादी पिंपेही एके काळी शीतपेयांच्या कंपन्यांची. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशव्यांचा मार्ग धरल्यावर ही पिंपे स्वस्तात बाजारात आली आणि हौशी मंडळींनी ती उचलली.

या उत्पादनाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कोठे होते? जवळजवळ कोठेच नाही. गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे उदाहरण आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. वराची बिअर त्याच जातीची. जिची विक्री होत नाही ती वस्तू हिशेबनिसाला दिसत नाही. अबकारी खात्याला मात्र ती नेमकी दिसते, कारण तेथे त्याचा महसूल बुडत असतो.

इंग्लंडमध्ये १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून बिअरवर कर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यायला लावला. ते बंधन १९६३ मध्ये सुटले. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, घरगुती वाइनला सवलत मिळाली, पण घरगुती बिअर मोकळी व्हायला अध्यक्ष कार्टर यांची १९७८ मधील सही लागली. त्या कायद्याचा गाभा साधा आहे. दोन प्रौढांच्या कुटुंबाने वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरपर्यंत करावी. विकू मात्र नये. आमच्या विद्यार्थ्याची चार पिंपे त्या मर्यादेच्या जेमतेम दशांश. तरीही अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी हा हक्क मान्य करण्यास २०१३ साल उजाडू दिले!

देणे आणि विकणे यांतील ही रेषा वाटते तितकी स्वच्छ नाही, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजीतील 'ब्रायडल' हा शब्दच मुळी वधूच्या बिअरवरून आला. जुन्या इंग्लंडात वधूकडील मंडळी ती तयार करीत, पाहुणे ती चढ्या भावाने विकत घेत आणि पैसा नव्या संसाराला जाई. आपल्या आहेराच्या पाकिटाचीच ही तऱ्हा.

आपल्याकडे हा प्रश्न हौसेचा नाही. १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या आदिवासींच्या लग्नात मोहाचे पेय मानाने फिरते, ते आपल्याच अंगणातील झाडाखाली गुन्हेगार ठरले. आणि मक्तेदाराच्या दुकानातून उधारीवर घेतलेली दारू कायदेशीर ठरली. लग्नातले कर्ज फुगले ते या उधारीने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हेतू बदलला, पण घरचे मडके गुन्ह्याच्याच रकान्यात राहिले.

गडचिरोलीच्या स्त्रियांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणवली, त्यांचे म्हणणे बाजूला सारून हा विषय बोलता येत नाही. नवऱ्याची मजुरी दारूत जाते ही त्यांची तक्रार खरी आहे. परंतु मजुरी जाते ती विकणाऱ्याच्या गल्ल्यात. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या, नफ्यासाठी विकलेल्या दारूने. नुसते आंबवलेले पेय आणि भट्टीवर उतरवलेली दारू यांत धोक्याचा फरक मोठा आहे; कायद्याने तो मोजावा. लग्नासाठी, ठरलेल्या प्रमाणात, ग्रामसभेला आगाऊ कळवून आंबवलेले पेय गुन्हा मानू नये आणि त्यातला एक पेलाही विकला गेला तर मात्र दंड कडक असावा, असे माझे मत आहे. घरच्या नावाखाली विक्री चालेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच तपासणी पोलिसांकडे न देता गावातील स्त्रियांच्या सभेकडे द्यावी. कोणाच्या घरातून पैसा कोठे जातो हे त्यांना आधी कळते.

तिकडच्या लग्नात चौथे पिंप अर्धे उरले होते, असे विद्यार्थ्याने नंतर कळवले. ते शेजाऱ्यांना वाटून टाकले म्हणे.