सहलीची शेगडी

परवा शाळेतून येऊन जरा पाठ टेकते न टेकते, तोच समोरच्या वहिनी मोबाइल हातात घेऊन आल्या. नाताळच्या सुट्टीत त्यांची मोठी सहल ठरली आहे. घरची चार, नणंद आणि तिचे यजमान अशी सहा माणसं मिळून एक कॅराव्हॅन भाड्याने घेणार आहेत. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच म्हणा ना! आत झोपायच्या गाद्या, चिमुकला ओटा, न्हाणीघर, सगळं. आपल्या राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून असल्या गाड्यांची नावं आपल्याही कानांवर येऊ लागली आहेत. तर वहिनींनी मला एक चित्र दाखवलं. लालभडक झाकणाची, घडीच्या पायांची बार्बेक्यू शेगडी.

“घेऊ का हो ही? रंग छान आहे, नाही?”

मी म्हटलं, “रंगाचं राहू द्या वहिनी. ही पेटवणार कुठे आणि विझवणार कुठे, ते आधी ठरलंय का?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग जी गोष्ट मी आजवर गल्लीत कोणाला सांगितली नव्हती, ती त्यांना सांगितली. आज तुम्हालाही सांगते. मैत्रिणींनो, शेगडी कुठली घ्यावी हा प्रश्न मुळात तिथूनच सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. अकोले, राजूर करत संध्याकाळी धरणाच्या पाण्याकाठी पोचलो. तिथे तंबू भाड्याने घेतले होते. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि धाकटे भाऊजी. भाऊजींनी हौसेने कोळशाची घडीची शेगडी आणली होती. रात्री तिच्यावर वांगी भाजली, मक्याची कणसं भाजली, पनीर आणि कांद्याच्या सळ्या लावल्या. एरवी स्वयंपाकघराकडे न फिरकणारी आमची पुरुषमंडळी त्या दिवशी पंखा हातात घेऊन वारा घालत होती! सासूबाईसुद्धा दोन कणसं खाऊन खूश.

जेवणं झाली आणि थंडी वाढली. कळसूबाईच्या त्या अंगाची थंडी तुम्हाला ठाऊक असेल, हाडांत शिरते. सासूबाईंचे गुडघे धरले. शेगडीत राखेखाली निखारे अजून लाल होते. मला वाटलं, एवढे चांगले निखारे वाया कशाला घालवायचे? शेगडी उचलली, सासूबाई आणि मुलं झोपली होती त्या तंबूच्या कोपऱ्यात ठेवली, वारा लागू नये म्हणून तंबूची चेन खालपर्यंत ओढली आणि मीही त्यांच्याजवळ आडवी झाले. हो, मीच. मला कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री कधीतरी सासूबाईंच्या कण्हण्याने जाग आली. “डोकं फुटतंय गं माझं,” म्हणाल्या. मला वाटलं पित्त उसळलं. तेवढ्यात धाकटीला उलटी झाली. माझा संशय पनीरवर! दिवसभर डिकीत होतं ना. माझंही डोकं जड, पायांत त्राणच नाही. मोठ्याला उठवायला गेले तर तो उठेना. हाका मारल्या, हलवलं, नुसतं ‘ऊं’ करी. मी ओरडले तशी तंबूंची राखण करणारे मामा बॅटरी घेऊन धावत आले. चेन उघडून आत डोकावले मात्र, आणि म्हणाले, “बाई, पोरांना भाईर काढा आधी! ती शेगडी भाईर घ्या!”

उघड्यावर घोंगडीत गुंडाळून बसवल्यावर अर्ध्या तासाने मोठा नीट बोलायला लागला. तो अर्धा तास मी विसरायची नाही. रात्रीच गाडी काढून राजूरला डॉक्टरांकडे गेलो. तिथे सगळ्यांना प्राणवायू लावला. सकाळी हसतखेळत परत आलो खरे, पण ह्यांनी त्या शेगडीबद्दल मला एक अक्षर विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

नंतर मी ह्या विषयावर हाती लागेल ते वाचलं. कोळसा जळताना, विशेषतः हवा कमी मिळाली की, कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. लालबुंद, धूर न करणाऱ्या निखाऱ्यांतूनही तो येतच असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ह्या वायूला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने धरून ठेवतं, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या आज्यांनी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगड्या ठेवल्या, त्यांना कुठे काय झालं? मीही हेच म्हटलं होतं. पण त्या घरांना कौलं होती, कौलांच्या फटी होत्या, दारांखालून बोटभर उजेड यायचा. तरीही तो धोका होताच. आजचा नायलॉनचा तंबू किंवा रबर लावलेल्या दाराखिडक्यांची कॅराव्हॅन म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. त्यात निखारे नेऊ नका. थंडीसाठी नाही, पाऊस आला म्हणून नाही, “दोनच मिनिटं” म्हणूनही नाही. आणि हे फक्त कोळशाला लागू आहे असं समजू नका. गॅसची शेगडीही कोंडलेल्या जागेत हाच वायू सोडते.

म्हणून वहिनींना मी पहिलं सांगितलं ते हे, की बाहेर मांडता येईल, बाहेर विझवता येईल आणि निवल्यावरच आत येईल अशी शेगडी बघा. मग रंग लाल असो की हिरवा.

आता निवडीचं. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. कोळशाची, गॅसची आणि विजेची.

चव हवी तर कोळशाची, ह्यात वाद नाही. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) आगटीत भाजलेला हुरडा ज्याने खाल्ला आहे, त्याला निखाऱ्याची चव निराळी सांगायला नको. पण कोळशाची शेगडी घेताना पत्रा बोटाने दाबून बघा. दबला तर दोन सहलींत वाकणार. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी भाजायला वापरू नये, जास्त तापली की जस्ताचा धूर निघतो. राखेचा ट्रे ओढून बाहेर काढता येतो ना, ते दुकानातच ओढून पाहा. हे मी का सांगते? शेगडी पुरुषमाणसं विकत घेतात आणि राख आपण काढतो, म्हणून! जाळी साधारण एक फूट बाय दीड फूट असली तर सहा माणसांचं दोन-तीन खेपांत होतं. पाय फार बुटके नकोत. वाकून वाकून कंबर जाते. आणि हो, घरून निघायच्या आधी डिकी टेपने मोजून घ्या. भाऊजींची शेगडी बसवायला आम्हाला एक गादी घरी ठेवावी लागली होती.

पेटवायला करवंटीचे तुकडे आणि कापराच्या चार वड्या पुरतात. पेटत्या कोळशावर रॉकेल किंवा स्पिरिट ओतायचं नाही, ज्वाळा सरळ बाटलीपर्यंत येते. कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत वीस ते तीस मिनिटं जाऊ द्यावीत, मगच भाजायला घ्यावं. घाई केली की बाहेरून काळं, आत कच्चं. आमच्या सहा जणांना एका रात्रीला सव्वा किलो कोळसा पुरला.

विझवण्याची घाई मात्र उलटी, तिथे वेळ लावायचा. पाणी शिंपडा, ढवळा, पुन्हा पाणी घाला, हाताला गार लागेपर्यंत. समुद्रावर गेलात तर निखारे वाळूत पुरून येऊ नका. वाळूखाली ते तासन्‌तास तापलेले राहतात आणि वरून कुणाचं तरी अनवाणी पोर धावत येतं. जंगलखात्याच्या हद्दीत विस्तवाला मनाई असेल तिथे तर शेगडी गाडीतून काढूच नये.

दुसरी गॅसची. हल्ली पेटीत मावणारी चपटी शेगडी मिळते, तिच्या कुशीत ब्यूटेनची २२० ग्रॅमच्या आसपासची डबी बसते. मोठ्या ज्योतीवर एक डबी साधारण दीड तास चालते. सकाळचा चहा, पोहे, मुलांचं दूध ह्याला ही फार सोयीची. राख नाही, काजळी नाही. वर भाजायचा तवा ठेवला की पनीरही होतं. पण तवा बेताचाच हवा! मोठा तवा डबीच्या कप्प्यावर आला की उष्णता खाली डबीला लागते आणि डबी फुटू शकते. ह्याच कारणासाठी दोन शेगड्या खेटून ठेवून त्यांवर एकच मोठी परात चढवू नये. ह्या शेगडीवर कोळसे पेटवायला ठेवू नयेत. डब्या उन्हात बंद गाडीत ठेवू नयेत. डबीवरच लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. चष्मा लावून वाचा, बारीक असतं. शिवाय कडाक्याच्या थंडीत ही शेगडी रुसते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. आपल्याकडे हा प्रश्न क्वचित, पण हिमाचलला निघालेल्यांनी ध्यानात ठेवावं.

बर्नर डोक्यावर बसवलेले दोन-तीन किलोंचे छोटे सिलिंडर कुठेकुठे दुकानांत भरून मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोण भरतं, किती भरतं, झडप कुणी तपासली, काही पत्ता नसतो. छोटा सिलिंडर हवाच असेल तर गॅस कंपन्यांचा पाच किलोंचा अधिकृत घ्या आणि कॅराव्हॅनवाल्याला आधी विचारा, चालेल का. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता गादीखाली, पायांशी साचून बसतो. वास आला की ना दिवा लावायचा, ना घालवायचा. दारं उघडायची आणि माणसं बाहेर काढायची.

तिसरी विजेची. कॅराव्हॅन मुक्कामाच्या जागी बाहेरच्या विजेला जोडता येत असेल तर ह्यासारखी सुटसुटीत नाही. पण २००० वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. तिला सोळा अँपिअरचा सॉकेट हवा. गाडीतल्या लहान इन्व्हर्टरवर लावलीत तर दिवे, पंखा सगळंच बसेल.

आणि ज्या आगगाडीने जाणार आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगते. गॅस, स्टोव्ह, रॉकेल, काही काही रेल्वेत न्यायचं नाही. कायद्यानेच मनाई आहे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा चालला होता. आग लागून नऊ माणसं गेली. चहा स्टेशनवर मिळतो हो.

वहिनींनी हे सगळं ऐकलं आणि दोन दिवसांनी पुन्हा आल्या. त्यांनी ब्यूटेनची पेटी-शेगडी घ्यायचं ठरवलंय, चहा-नाश्त्यासाठी. शिवाय कोळशाची एक साधी, काळीच, पण जाड पत्र्याची. दोन्ही गाडीबाहेरच पेटवायच्या. त्यासाठी घडीचं एक टेबल त्या माझ्याकडून नेणार आहेत. लाल झाकणाचा मोह नणंदेने सोडलेला नाही म्हणे, तो त्यांचा त्या बघतील.

जाताना त्यांनी पनीरचं मसाल्याचं प्रमाण विचारलं, तेही देऊन टाकते. अर्धा किलो पनीरला घट्ट बांधलेलं वाटीभर दही, दोन चमचे कोरडं भाजलेलं बेसन, दोन चमचे आलं-लसूण वाटण, तिखट, हळद, मीठ, चमचाभर मोहरीचं किंवा साधं तेल, वरून चुरडलेली कसुरी मेथी. बेसन विसरू नका, त्यानेच मसाला पनीरला धरून राहतो, नाहीतर सगळं निखाऱ्यांवर टपकतं. घरून कालवून डब्यात भरा आणि डबा बर्फाच्या पेटीत ठेवा. जाळीला आधी अर्धा कांदा सळईला टोचून तेल लावून घासायचा, म्हणजे चिकटत नाही. भाजून झालं की जाळी कोमट असतानाच नारळाची शेंडी आणि थोडी राख घेऊन घासा, चुटकीसरशी निघते. गार झाली की मग बसा खरवडत!

आमची शेगडी अजून आहे. भाऊजी परत न्यायला तयार नव्हते आणि मलाही ती टाकवेना. गेल्या महिन्यात गच्चीवर काढून वांगी भाजली. रात्री झोपायच्या आधी सासूबाई काठी टेकत टेकत जिना चढून वर गेल्या आणि तांब्याभर पाणी पुन्हा एकदा ओतून आल्या.