भीमथडी जत्रेत काय खाल?



डिसेंबर उजाडला की पुण्यात बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो, "यंदा भीमथडीला कधी जायचं?" शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर ही जत्रा भरते. बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ती भरवतो. थडी म्हणजे काठ, भीमथडी म्हणजे भीमा नदीकाठचा मुलूख. मराठ्यांच्या काळी इथली भीमथडी तट्टं प्रसिद्ध होती. आता त्याच नावाने महिला बचत गटांचे स्टॉल लागतात आणि पुणेकर तिथे प्रामुख्याने जेवायला जातात. खोटं कशाला बोलू, मीही जाते!

पण तिथे काय खावं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. जे आपल्या घरी होत नाही आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळत नाही, तेच खावं. पावभाजी वर्षभर आहेच की.

मग काय खावं?

पहिले मांडे. "मनात मांडे खाणे" हा वाक्प्रचार तुम्ही परीक्षेत लिहिता, पण मांडे कधी पाहिलेत का? खानदेशातला हा पदार्थ. गव्हाची अगदी सैल, लवचीक कणीक घेतात, तिच्यात पुरण भरतात आणि पोळपाट-लाटणं न घेता दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती मोठी करतात. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. रुमालासारखी पातळ होते, पण फाटत नाही. आधी पाच मिनिटं नुसतं बघा, मग खा.

दुसरं खानदेशी वांग्याचं भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. फिकट हिरवं, मोठं, आत बिया कमी. वाळलेल्या काटक्यांच्या जाळावर भाजलं की त्याला जो धुराचा वास येतो, तो आपल्या घरच्या गॅसवर येत नाही. सोबत कळण्याची भाकरी घ्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ.

तिसरी मासवडी. ही तर आपल्याच पुणे जिल्ह्यातली, जुन्नर-आंबेगावकडची. नावात मास असलं तरी ती पूर्ण शाकाहारी आहे. बेसन शिजवून थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. आकार माशासारखा दिसतो म्हणून हे नाव. सोबत झणझणीत रस्सा. पुण्यात जन्मून मासवडी न खाल्लेली कितीतरी मुलं माझ्या वर्गात आहेत!

आणि हुरडा दिसला तर सोडू नका. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, हातावर चोळून दाणे काढतात आणि लसणाच्या चटणीबरोबर गरमगरम खातात. हंगाम डिसेंबरच्या शेवटी कुठे सुरू होतो, म्हणून मिळेलच असं नाही.

आता भाकरीबद्दल

हे सगळं सांगितलं, पण माझ्या मते जत्रेतला सगळ्यात मोठा पदार्थ साधी भाकरी आहे. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. त्यामुळे ते चिकट होत नाही आणि लाटायला गेलं की तुटतं. म्हणून गरम पाणी घालायचं, तळहाताने चांगलं मळायचं आणि थापायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी गार असलं, मळायला आळस केला, की कड चिरलीच. एक भाकरी नीट जमायला कित्येक भाकऱ्या बिघडवाव्या लागतात. पुस्तक वाचून ही विद्या येत नाही.

ही गोष्ट मी का लिहितेय, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील सोलापूरकडून पुण्यात बांधकामाच्या कामाला आलेले. त्याच्या डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. मुलं त्याला "ए भाकरी!" म्हणून हाका मारायची. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. मी हे ऐकलं होतं. पण "शांत बसा रे" एवढंच म्हणाले आणि वह्या तपासत राहिले. मला वाटलं, मुलांचं आहे, विसरतील.

त्या डिसेंबरात आम्ही वर्गाला भीमथडीला नेलं. गंमत बघा, हसणारी तीच मुलं भाकरीच्या स्टॉलपुढे रांगेत उभी राहिली. पैसे मोजून, फोटो काढून, "काय भारी लागते!" म्हणत खात होती. तो मात्र रांगेत नव्हता. चुलीजवळ उभा राहून भाकरी थापणाऱ्या मुलीचे हात बघत होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "ताई, पाणी गार होतं का? कड चिरतेय." शेजारी बसलेल्या मावशी खळखळून हसल्या. "बघ गं, याला कळतं. घरी कोण करतं रे?" तो म्हणाला, "आई. आई कामावर गेली की मी."

तो स्वतः भाकरी करत होता, आणि वर्षभर त्याच्या वर्गात शिकवून मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, असं का होतं? पूर्वी गावाकडे भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणावाराची. गहू म्हणजे ऐपत, असं मनात बसलं. पुढे गहू सगळ्यांच्या घरी आला, पण ती समजूत काही गेली नाही. मग संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तोही प्रस्ताव भारताचाच. ज्वारी, बाजरी, नाचणी मोठ्या हॉटेलांत पोहोचली. थाळीत आली तर कौतुक आणि डब्यात आली तर हसू, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतात, "असल्या जत्रा म्हणजे शहरी लोकांची हौस. दोन तास गाव गाव खेळायचं आणि गाडीत बसून घरी यायचं." हे अगदीच खोटं नाही. पण त्या स्टॉलवरच्या बाईच्या हातात तिच्या कष्टाचे पैसे पडतात, तिच्या विद्येला गिऱ्हाईक मिळतं, हेही खरं आहे. म्हणून माझं म्हणणं आहे, जत्रेला जरूर जा. फक्त खाऊन परत येऊ नका, करणाऱ्या हातांची ओळख करून घ्या. आणि घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण करतो का?

त्या मुलाचं पुढे काय झालं, विचाराल. सोमवारी मधल्या सुट्टीत मी मुद्दाम पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला नव्हता. पण डब्याचं झाकण अजून आडवं धरलेलं होतं. एका जत्रेने सगळं बदलत नाही. बाकीचं काम वर्गातच करावं लागतं, तुम्हाला आणि आम्हा शिक्षकांनाही.

करून पाहा

१. जत्रेत चौघांत एक थाळी घ्या. चार वेगळ्या चवी होतील आणि अन्न वाया जाणार नाही.

२. स्टॉलवरच्या मावशींना तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या गावचं? कुणाकडून शिकलात? पीठ कुठल्या धान्याचं? उत्तरं वहीत लिहा.

३. घरी येऊन एक भाकरी स्वतः थापून बघा. कड चिरली तर आजीला किंवा आईला विचारा. आणि मग सांगा, डब्यातल्या भाकरीला हसावंसं वाटतं का?