जागरण आणि विमान

आमचा नातू धुळ्यास लहान विमान चालविण्याचें शिक्षण घेतो. गेल्या भाऊबीजेस तो नाशिकास घरीं आला होता. पंगत व गप्पा यांत मध्यरात्र उलटली. पहांटे तीनास निघून सकाळीं उड्डाण करणार, असें तो सहज बोलला. मीं हरकत घेतली तेव्हां म्हणाला, “आजोबा, एका रात्रीनें काय बिघडतें?”

अभ्यासासाठीं केलेल्या जागरणाचें आपण कौतुक करतों. शिक्षक असतां मींही केलें आहे. परंतु १७ तास जागा असलेला मनुष्य थोडें मद्य घेतलेल्या मनुष्याइतकाच मंद होतो, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. मद्यप्याला आपण अडवूं. मग झोंप न झालेल्यास कां अडवूं नये?

२२ मे २०१० रोजीं दुबईहून आलेलें विमान मंगळूरची धावपट्टी ओलांडून दरींत कोसळलें व १५८ माणसें दगावलीं. मुख्य वैमानिक वाटेंत दीड तासाहून अधिक झोंपला होता. त्या झोंपेच्या गुंगीनें त्याची निर्णयशक्ति मंदावली असावी, असें चौकशीचें मत पडलें. पुन्हां वर चढण्याविषयीं सहवैमानिकानें त्यास बजावलें होतें. एकट्यानें उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकास असा सोबतीही नसतो. आणि थकवा तर स्वतःचा थकवा ओळखण्याची बुद्धीच आधीं हिरावून घेतो.

नातवानें उड्डाण पुढें ढकललें व तो दुपारपर्यंत झोंपला. वाचकहो, घरांत असा कोणी असेल तर सणाच्या दिवशींही पंगत लौकर उठवावी आणि दिवा वेळेवर मालवावा.