मौनाची शाळा

फिजी बेटांत जन्मलेल्या व न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंह यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (२००६) ही इंग्रजी कादंबरी आम्ही नुकतीच वाचली. 'साय-चेंजलिंग' मालेतील हे पहिले पुस्तक. दर पुस्तकात जोडपे नवे. मागची मोठी कथा मात्र पुढे चालतच राहते.

काळ २०७९ सालचा, स्थळ सॅन फ्रान्सिस्को. मनःशक्तीने बलवान अशा 'साय' लोकांत वेड व खून माजले, म्हणून १९७९ पासून त्यांनी मुलांना भावनाच न बाळगण्याचे शिक्षण दिले. त्या शिस्तीचे नाव मौन. रागाबरोबर माया आणि हसूही गेले. नायिका साशा हिला मात्र सारे जाणवते. हे उघड झाल्यास आपले मन पुसून टाकतील, या धाकात ती जगते. तिची गाठ पडते लूकसशी, बिबट्याचे रूप घेणाऱ्या कुळाच्या नायकाशी. त्या कुळात कोणी दुःखी असला की दुसरा जवळ येऊन बसतो, पाठीवर हात ठेवतो. साशाला हे प्रथम उमगतच नाही. त्या पानांशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

शृंगार उघड आहे; पुस्तक प्रौढांपुरतेच ठेवावे. रूपांतराच्या करामतीही आम्हांस फारशा भावल्या नाहीत. परंतु कुळातील एका तरुणीचा खुनी मौन पाळणाऱ्यांतच दडलेला असतो, आणि शिस्त खोटी ठरू नये म्हणून राज्यकर्ते मंडळ त्याला झाकते, हे वाचताना मन चरकले. रडणाऱ्या मुलास 'गप्प बस' म्हणणारी घरे आपल्यातही थोडी नाहीत.

भविष्य पाहणाऱ्या मुलीचे पुढील पुस्तक, 'व्हिजन्स ऑफ हीट' (२००७), आता आमच्या उशाशी आहे.