भाषा, चिन्ह आणि मन : हा अभ्यास आपला आहे

अभ्यासवर्गासाठी विषय सुचवा म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली यादी येते. आरक्षण, बिंदुनामावली, अ‍ॅट्रॉसिटी कायदा, शिष्यवृत्ती, खाजगीकरण. यादी बरोबरच आहे. पण तिच्यात कुणी भाषाविज्ञान, चिन्हमीमांसा आणि मनाचा अभ्यास असा विषय घातला की कार्यकर्ते हसतात. गिरण्या बंद पडलेल्या आणि घरोघरी बायका विड्या वळून संसार ओढतात अशा सोलापुरात हे कसलं खूळ, असा सूर निघतो. तो आम्हाला समजतो. शब्दांचा कीस काढणारे पंडित आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. त्यांच्याच शब्दांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं. नेमकं म्हणूनच हा अभ्यास त्यांच्या हाती सोडून चालणार नाही, असं आमचं म्हणणं आहे.

विषय अवघड नाही. भाषा कशी चालते हे भाषाविज्ञान सांगतं. शब्द, रंग, वेश, आडनाव, पत्ता अशा खुणांना अर्थ कुठून मिळतो हे चिन्हमीमांसा शोधते. तो अर्थ माणसाच्या डोक्यात शिरून काय करतो, हा मनाच्या अभ्यासाचा भाग. जगभरच्या विद्यापीठांत ही तिन्ही शास्त्रं आता एकत्र बसून काम करतात. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले अशोक केळकर यांनी चिन्हमीमांसा आणि संस्कृती यांवर १९८० सालीच पुस्तक लिहिलं होतं. पण ही चर्चा बहुतेक साहित्य-समीक्षेच्या अंगणातच फिरत राहिली. जातीच्या उंबरठ्यापर्यंत ती फारशी आली नाही.

आता जातीकडे या अंगाने बघा. जात डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा रंग दिसतो, आपली जात अंगावर कुठेच दिसत नाही. मग व्यवस्थेला ती ओळखायची कशी? खूण लागते. पेशवाईत अस्पृश्यांच्या हाताला किंवा गळ्याला काळा दोरा, कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडकं अशी सक्ती होती, ही नोंद बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये १९३६ साली केली आहे. आपण ती क्रूरतेचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ती क्रूरता आहेच. पण तिच्यात आणखी एक कबुली दडलेली आहे. दोरा आणि मडकं काढून घेतलं तर कोण अस्पृश्य आणि कोण नाही, हे ब्राह्मणी व्यवस्थेला सांगता येत नव्हतं. म्हणजे जात ही पूर्णपणे चिन्हांवर उभी आहे.

मडकं गेलं, चिन्हं राहिली. खोली भाड्याने बघायला गेल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न कशासाठी येतो, हे सांगायला नको. नुसतं नाव सांगितलं की मालक थांबतो, आडनावाची वाट बघतो. आडनाव कळेना तर ‘मूळ गाव कुठलं?’, ‘राहता कुठे?’ दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या जातीय छळाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, त्यात प्रवेश परीक्षेतली रँक विचारणं हे जात काढण्याचं हत्यार कसं होतं ते दिसतं. प्रश्न आकड्याचा, उत्तर जातीचं.

बाबासाहेब ज्या वातावरणात शिकले तिथे हे प्रश्न हवेत होते. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई हे तरुणपणी चार्ल्स पर्स यांच्या तर्कशास्त्राच्या वर्गात बसलेले. आधुनिक चिन्हमीमांसेच्या दोन संस्थापकांपैकी पर्स एक. दुसरे जिनिव्हाचे सोस्यूर. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली छापून आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाबासाहेबांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. यावरून बाबासाहेब चिन्हमीमांसक होते असा दावा आम्ही करत नाही. असले दावे करून आपण आपलंच हसं करून घेतो. पण त्या निबंधात जात पसरण्याचं एक मोठं कारण म्हणून त्यांनी अनुकरण दाखवलं आहे. वरच्याचं बघून खालच्याने आपापलं दार लावून घेतलं. म्हणजे पंचवीस वर्षांचा विद्यार्थी जातीचा पत्ता धर्मग्रंथाच्या पलीकडे, माणसाच्या मनाच्या सवयीत शोधत होता. पुढे त्यांनी पाली भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश यांवर मेहनत घेतली, ती शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापली आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो खंड उघडला असेल?

आपल्या सोलापुरात बुधवार पेठेत मिलिंदनगर आहे. औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. घरोघरी मिलिंद नावाची मुलं आहेत. तो मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाची सुरुवातच मुळी नाव म्हणजे काय या वादाने होते. भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ती नुसती हाक आहे, तिच्यामागे कायमचं असं कुणी नाही. राजा हसतो. मग नागसेन त्याला त्याच्याच रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं जुळून आलं की लोक त्याला रथ म्हणतात. आता रथाच्या जागी जात ठेवा. रक्त म्हणजे जात का? धंदा म्हणजे का? आडनाव म्हणजे का? दोन हजार वर्षांपूर्वीची ही पद्धत आजही धारदार आहे, आणि ती आपल्या परंपरेची आहे.

आपल्या चळवळीने नावाची लढाई ओळखली होती. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळ कायद्याच्या दुरुस्तीत ‘हरिजन’ शब्द घालायचं सरकारने ठरवलं, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. आमचं नाव तुम्ही ठरवणार नाही, एवढा साधा मुद्दा होता. पण नाव बदललं की काम झालं असंही नाही, आणि इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण ‘भीमनगर’ हा पत्ता सांगितल्यावर समोरच्याला काय कळतं? सोस्यूर म्हणाले की शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांपासूनच्या फरकातून येतो. त्यांच्या चौदा-पंधराशे वर्षं आधी बौद्ध आचार्य दिङ्‌नागांनी ‘अपोह’ सिद्धांतात असंच काहीसं मांडलं: ‘गाय’ हा शब्द कळतो तो जे गाय नाही ते वगळून. वस्ती वेगळी ठेवलेली आहे तोवर तिला कितीही सुंदर नाव द्या, ते नाव ‘गावात नसलेले’ हाच अर्थ घेऊन बसतं.

सोलापूरकरांना याहून बोलकं उदाहरण लांब शोधायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी आणि इतर जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरण्यांत कामाला जुंपलं. १९५२ साली कायदा गेला, कुंपण गेलं. पण पत्त्यात अजून ‘सेटलमेंट’ आहे, आणि पुढे ‘फ्री कॉलनी’ जोडलेलं आहे. मुक्त झालो हे सांगायलाही ज्याला कैदेचं नाव घ्यावं लागतं, त्याच्या मुलाला पोलीस ठाण्यात पत्ता सांगताना काय वाटत असेल?

काय वाटतं हा भावनेचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. तो मोजता येतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ६४२ मुलं, निम्मी सवर्ण, निम्मी दलित. प्रत्येक कोड्याला पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. दुसऱ्या काही गटांत कोडी सोडवण्याआधी प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. कोडी तीच. मध्ये फक्त एक शब्द मोठ्याने उच्चारला गेला. २००६ साली हे छापून आलं. आपल्या मुलांच्या ‘गुणवत्ते’वर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हा कागद द्यायला हवा.

आणि आता आपल्या शाळा आठवा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात, ‘एस. सी. वाले उभे राहा.’ आमच्यापैकी बहुतेक जण असे उभे राहिलेले आहेत. शिक्षकाचा हेतू वाईट नसेलही. पण उत्तर प्रदेशात जो प्रयोग म्हणून एकदा झाला, तो आपल्या वर्गात दरवर्षी होतो, आणि नंतर त्याच मुलांना गणिताचा पेपर दिला जातो. शिष्यवृत्तीचं काम कार्यालयात, पालकांशी व्हावं, वर्गात जात वाचली जाऊ नये, ही मागणी घेऊन मुख्याध्यापकांकडे जायला कोणत्या मोठ्या निधीची गरज आहे?

यावर कुणी म्हणेल, मग जात लपवायची का? नाही. आम्ही भर चौकात ‘जय भीम’ म्हणतो तेव्हाही आमची ओळख जाहीर होतेच. पण ती आम्ही जाहीर करतो. शिक्षकाने यादीतून वाचलेली जात आणि मुलाने स्वतः घातलेला जयभीम, समोरच्याला मिळणारी माहिती जवळपास तीच, पण मनावर होणारा परिणाम उलटा असावा असं आमचा अनुभव सांगतो. अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे. भीमगीतं ऐकून वाढलेलं मूल जात उच्चारल्यावर खचतं की पेटून उठतं, हा संशोधनाचा अस्सल प्रश्न आहे. तो अर्थशास्त्रज्ञांच्या आधी आपल्या मुलामुलींनी घ्यावा.

दुसरी जागा म्हणजे घरची भाषा. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो आणि बाई त्याला मठ्ठ ठरवतात. खरं तर ‘ण’च्या जागी ‘न’ येणं हा त्या बोलीचा नियम आहे. मूल तो चुकत नाही, काटेकोर पाळतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या मुलांबद्दल १९६०च्या दशकात असंच म्हटलं जायचं: यांना भाषा नाही, म्हणून विचार नाही. विल्यम लबॉव यांनी ते खोडून काढलं. लेऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग त्याच काळ्या मुलाखतकाराने बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट आणलं, लेऑनच्या मित्राला सोबत घेतलं आणि तो जमिनीवर बसला. मुलगा थांबेना. खोलीतली चिन्हं बदलली, मन मोकळं झालं, भाषा आली. लबॉव तेव्हा कोलंबियातच शिकवत होते. पुढे १९७९ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाने शाळेला मुलांच्या घरच्या बोलीची दखल घ्यायला लावली.

सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी आणि गिऱ्हाईकाशी दखनी बोलणाऱ्या, सही न येणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. सेटलमेंटच्या बाजूला कैकाडी बोलतात, जी द्रविड कुळातली आहे, आणि पारधी बोलतात, जी गुजरातीच्या जवळची आहे. याला आपल्याकडे कुणी विद्वत्ता म्हणत नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक होता. पुढच्या काही अभ्यासांत असा फायदा आढळला नाही, त्यामुळे वाद चालू आहे. पण शाळा न शिकलेल्यांचं डोकं अभ्यासाच्या लायकीचं मानलं गेलं, हे लहान नाही.

अभ्यास कुणी करायचा, हा खरा कळीचा मुद्दा. सांगलीजवळचं कुपवाड भाषाविज्ञानात जगप्रसिद्ध आहे, हे कुपवाडच्या लोकांना तरी ठाऊक असेल का? गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवलं की तिथल्या जैन-लिंगायतांची कन्नड, मुसलमानांची उर्दू आणि भूमिहीन दलित मजुरांची मराठी यांचं व्याकरण शेकडो वर्षांच्या शेजारामुळे जवळजवळ एक झालंय. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत नेता येतं. पण शब्द मात्र वेगळेच राहिले. कारण शेतात एकत्र राबणारी माणसं घरात एकमेकांना घेत नव्हती. व्याकरण मिसळलं, जेवणाचं ताट मिसळलं नाही. जातीचा इतका नेमका पुरावा भाषेत सापडला, आणि तो सांगायला कॅलिफोर्नियाहून माणूस यावा लागला. मजूर त्या निबंधात नमुना म्हणून आहेत. त्यांच्या नातवंडांनी त्याच गावावर पुढचा निबंध लिहायला हवा. आता तर संगणकालाही मराठी शिकवली जाते आहे, आणि आपल्याबद्दल आजवर इतरांनी जे लिहिलं त्याच मजकुरातून ती शिकवली जाणार.

बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या मित्र-मैत्रिणींनी हा विषय घ्यावा. डेक्कन कॉलेजात, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात भाषाविज्ञान शिकता येतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पालीलाही अभिजात दर्जा मिळालाय, त्याचा उपयोग नागसेन मुळातून वाचायला करा. ज्यांना विद्यापीठ परवडत नाही त्यांनी जूनमध्ये शाळा उघडल्यावर आपल्या वस्तीतल्या एका शाळेपासून सुरुवात करावी: पालकांना विचारून, मूल घरी कोणती भाषा बोलतं, आजीशी कोणती, वर्गात कोणत्या शब्दावर हसलं गेलं, एवढं वहीत लिहावं. त्या वहीत जातीचा रकाना ठेवू नये, आणि ती मुलांसमोर वाचू नये.